कल्हई

जुन्या गाण्यांना हल्ली कल्हई करून मिळते. तिला रीमास्टरिंग म्हणतात. मूळ टेप शोधायची, खरखर पुसायची, खर्ज जरा वर काढायचा आणि सगळा आवाज चांगला दणदणीत करायचा. आता कल्हई लावतात ती आमटी कळकू नये म्हणून. भांड्यात तोंड दिसावं म्हणून नव्हे. पण हे रेकॉर्ड कंपन्यांना कोणी सांगावं?

परवा भाच्याने 'द मेसेज'ची अशी चकचकीत प्रत ऐकवली. 'ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्युरियस फाइव्ह' यांचं हे 1982 सालचं रॅप गाणं. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधली पोरं तोवर रॅप करायची ती बहुतेक लोकांनी नाचावं म्हणून. 'मी केवढा शहाणा, माझे कपडे केवढे झकास' असा एकूण आशय. आणि इथे एकदम जिन्यातली मुतारी, काचांचा खच, पुढच्या खोलीत उंदीर, मागच्या खोलीत झुरळं! असल्या गाण्यावर नाचणार कोण? म्हणून खुद्द ही मंडळीच ते करायला नाखूश होती. शेवटी ते बरंचसं लिहिलं कंपनीच्या वादकाने, ड्यूक बूटीने, आणि मेली मेलच्या जोडीने म्हटलंही त्यानेच. फ्लॅशची तबकडी त्यात फिरतच नाही, पण नाव त्याचं. लग्नपत्रिकेत थोरले काका आणि राबतो भलताच, तसं.

या गाण्याचा जीव आहे तो संथ ठेक्यात. दोन ओळींमध्ये मोकळी जागा आहे, आणि त्या जागेत डोकं फिरायच्या बेतात आलेला एक माणूस स्वतःला आवरतो आहे. जुन्या प्रतीत तो दात आवळून बोलतो. नव्या प्रतीत सगळंच सारख्या मोठ्या आवाजात, त्यामुळे तो प्रचारसभेत बोलतोय असं वाटतं.

"मामा, बेस बघा कसला क्लिअर आहे!"

आहे ना. शेवटी पोलीस येऊन पोरांना विनाकारण उचलतात, तो संवादही आता शब्द न शब्द कळतो. तेवढं श्रेय कल्हईवाल्याला दिलंच पाहिजे.

तसे या गाण्याचे लाड पुष्कळ झाले. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जपण्याजोग्या 50 ध्वनिमुद्रणांची पहिली यादी 2002 सालासाठी केली, तीत हे आहे. त्याआधी 1997 साली पफ डॅडीने हाच ठेका उचलून स्वतःच्या ऐश्वर्याचं गाणं बांधलं आणि ते तिकडे पहिल्या क्रमांकावर गेलं. झुरळं अर्थातच वगळली होती.

भाचा गेल्यावर मी जुनीच प्रत लावली. शेवटच्या कडव्यातलं ते पोर तुरुंगात जातं, तिथे आवाज आणखी थोडा कमी केला.