म्हाताऱ्याचा अपराध

नाताळाच्या युरोपीय लोकपरंपरेत संताच्या मागोमाग एक भेसूर सोबतीही चालत येतो, हे आपल्याकडील पुष्कळ वाचकांस ठाऊक नसते. ६ डिसेंबर हा मायराचे बिशप संत निकोलस यांचा सण. ऑस्ट्रिया आणि बव्हेरियाच्या डोंगराळ मुलखात त्याच्या आदल्या रात्री क्राम्पुस निघतो. डोक्यावर शिंगे, अंगावर केसाळ कातडे, हातात छड्या आणि साखळदंड. संत चांगल्या मुलांना खाऊ देतात. द्वाड मुलांना धाक घालण्याचे काम याच्याकडे. इटलीत ६ जानेवारीच्या पहाटे बेफाना नावाची म्हातारी खोडकर मुलांच्या मोज्यात कोळसा टाकून जाते. आइसलँडची ग्रिला तर मुलांना शिजवून खाणारी राक्षसीण. तिथे असल्या भुतांचे भय मुलांना इतके घातले जाई की, १७४६ साली राजाज्ञेने त्यास मनाई करावी लागली.

या मंडळींचा एक दूरचा नातलग आपल्या अंगणातही बसतो. वांद्र्याच्या गल्ल्यांत आणि गोव्याच्या वाड्यांत डिसेंबरअखेर जुन्या कपड्यांत पेंढा भरून, मुखवटा व टोपी चढवून 'म्हातारा' खुर्चीवर बसवतात. पोरे येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे त्याच्या नावाने पैसे मागतात आणि ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री फटाक्यांच्या गजरात त्याला पेटवून देतात. केरळात फोर्ट कोचीला हाच 'पप्पांजी' होतो. चाकणच्या कारखान्यांमुळे आमच्या राजगुरुनगरच्या आसमंतात गावोगावची कुटुंबे आली, आणि प्रत्येक कुटुंब आपापला नाताळ गाठोड्यात बांधून आणते. म्हणून ही रीत आपण जशीच्या तशी उचलावी काय, हा प्रश्न आम्हांस केवळ मुंबई-गोव्याचा वाटत नाही.

लोकरूढी हीही एक कथाच असते. तेव्हा तिला कथेचेच निकष लावणे रास्त ठरेल. क्राम्पुस कितीही उग्र असला तरी त्याच्या कथेस एक चौकट आहे. संत पुढे, तो मागे. त्याची साखळी ही जखडलेल्या सैतानाची खूण मानली जाते. भय आहे, पण ते कृपेच्या ताब्यात आहे. २०१५ च्या हॉलिवूडच्या भयपटाने क्राम्पुसला घेतले आणि संताला वगळले, तेव्हा मागे उरला तो निव्वळ थरार. आपल्याकडचा बहुरूपी फौजदाराचे सोंग घेऊन दरडावतो, पण शेवटी हात पुढे करून हसतो; भयाची गाठ हसण्यात सुटते. गोव्यात दिवाळीच्या पहाटे नरकासुर जाळतात, त्यालाही कथा आहे. त्याने सोळा हजारांवर स्त्रिया कोंडून ठेवल्या होत्या. त्याचा अपराध लहान पोरही सांगू शकते.

मग या म्हाताऱ्याचा अपराध कोणता?

उत्तर मिळते की, तो सरते वर्ष आहे. हे रूपक आम्हांस मान्य आहे. परंतु रूपकाचे शरीर कोणत्या मापाचे घेतले, यावरही कलाकृतीचा अर्थ ठरतो. सरत्या वर्षाला वाकलेली पाठ, पांढरी दाढी आणि आजोबांचा जुना सदरा मिळाला की, पाहणाऱ्या मुलाच्या मनात जळते ते वर्ष नव्हे, वार्धक्य. त्याच्या हातात दारूची बाटली दिली की, उपहास पुरा होतो. नरकासुर जळतो तो पापासाठी. म्हातारा जळतो तो केवळ म्हातारा झाला म्हणून. कथा म्हणून ही रूढी इथे लंगडी पडते, आणि ख्रिस्ती कथा म्हणून तर अधिकच.

कारण ज्या आठवड्यात हे दहन होते, त्याच आठवड्याचे शुभवर्तमान वृद्धांनी भरलेले आहे. लूकच्या लेखणीतून नाताळाचे पहिले पान उघडते तेच जखऱ्या आणि अलीशिबा या वयोवृद्ध दांपत्यापाशी. बाळ येशूला मंदिरात आणले, तेव्हा याजकांपैकी कोणी त्याला ओळखल्याचे लूक सांगत नाही. ओळखले ते शिमोनाने आणि ८४ वर्षांच्या विधवा हन्नेने. आणि या कथेतला खरा काळोख शोधायचा तर तो मत्तयाने दाखविलेल्या हेरोदात सापडतो. २८ डिसेंबरला आपण ज्या निष्पाप बालकांचे स्मरण करतो, ती त्याच्याच भयाची बळी. लोककथेत भ्यायचे ते लेकराने. शुभवर्तमानात लेकराला भितो तो राजा.

हा विचार पुस्तकी नाही. आपल्या पट्ट्यात मुलगा तीन पाळ्यांच्या चक्रात आणि सून नोकरीवर. आई-वडील एक तर दूर गावी, नाहीतर दोन खोल्यांच्या घरात दिवसभर एकटे. वृद्धांना आजी-आजोबा म्हणून वर्षातला एक दिवस मिळावा, यासाठी पोप फ्रान्सिस यांनी २०२१ मध्ये जुलैचा चौथा रविवार नेमला. जुलैत हार आणि डिसेंबरात आग, हा मेळ कसा बसावा?

रूढी मोडावी, असे आमचे म्हणणे नाही. तरुणांना एकत्र आणणारी, शेजाऱ्याला हसवणारी ही रात्र आहे, ती राहावी. परंतु रूढी सुधारता येते. नेदरलँड्समध्ये संत निकोलसच्या सेवकाचे तोंड काळे रंगविण्याची प्रथा होती. तीत कृष्णवर्णीयांचा अवमान आहे, हे अनेक वर्षांच्या वादानंतर पुष्कळांना पटले. २०१९ पासून तिथल्या राष्ट्रीय स्वागतयात्रेत काळ्या रंगाऐवजी धुरांड्याच्या काजळीचे दोन-चार फराटे आले. सण बुडाला नाही. मुलांना खाऊही मिळाला.

आपल्या तरुणांनीही पुतळ्याला म्हाताऱ्याचे तोंड न देता वर्षभराच्या एखाद्या खऱ्या दोषाचे रूप द्यावे. आगीसाठी अपराधी हवाच असेल, तर तो शोधायला फार लांब जावे लागणार नाही. आणि गल्लीच्या तोंडाशी जी खुर्ची मांडली जाते, तीवर त्या संध्याकाळी धर्मग्रामातल्या एखाद्या आजोबांना बसवून मागल्या वर्षांच्या चार गोष्टी ऐकाव्यात. तेवढे झाले तर बाराच्या ठोक्याला घरात कोणी म्हातारे माणूस आगीच्या उजेडात आपलाच सदरा ओळखीत बसणार नाही.