वरच्या मजल्यावरचं इंग्रजी

नॉर्मन लुईस यांचं ‘वर्ड पॉवर मेड ईझी’ अमेरिकेत १९४९ साली निघालं आणि १९७८मध्ये त्याची सुधारित, वाढवलेली आवृत्ती आली. आपल्याकडे ते अजून पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात मिळतं, मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवर मिळतं आणि इंजिनियरिंगच्या होस्टेलांमध्ये एका खोलीतून दुसऱ्या खोलीत फिरतं. प्लेसमेंटची चाचणी, बँकेची परीक्षा, परदेशी शिक्षण, काहीही असो, ‘आधी नॉर्मन लुईस कर’ असा सल्ला ठरलेला. एखादा विषय ‘करावा’ तसं हे पुस्तक ‘करतात’. त्यामुळे पुस्तक म्हणून ते काय देतं आणि काय देत नाही, याचा हिशेब क्वचितच मांडला जातो.

आधी त्याचं देणं. लुईस शब्दांची वर्णानुक्रमाने यादी देत नाहीत, एकेका कल्पनेभोवती शब्द गोळा करतात. माणसांचे स्वभाव, डॉक्टरांचे प्रकार, खोटं बोलणाऱ्यांच्या जाती, बोलण्याच्या सवयी, अशी प्रकरणं. कमी बोलणारा ‘टॅसिटर्न’, मोजकं आणि नेमकं बोलणारा ‘लॅकॉनिक’, उगाच वटवट करणारा ‘गॅर्युलस’. छटा शेजारीशेजारी ठेवल्या की फरक डोळ्यांत भरतो आणि शब्द लक्षात राहतो. मग येतात धातू. ‘बोलणे’ या अर्थाचा एक लॅटिन धातू घेतला की ‘लोक्वेशस’, ‘सॉलिलोक्वी’, ‘व्हेंट्रिलोक्विस्ट’ अशी अख्खी वंशावळ उलगडते. वक्ता, वाचाळ, वाच्य, प्रवचन हे एकाच घरातले, हे शाळेत शिकलेल्या मराठी मुलाला ही रीत परकी वाटत नाही. उपसर्ग, धातू, प्रत्यय हा खेळ आपण संस्कृतच्या तासाला खेळलेलो असतो. या पुस्तकाशी आपलं इतकं जमण्याचं हेही एक कारण असावं. शिवाय लुईस सोवळे नाहीत. प्रकरणांच्या मधल्या विश्रांतीत ते व्याकरणाच्या कर्मठांची थट्टाच करतात.

अडचण वाचकाची आहे. लुईस यांच्यासमोरचा वाचक प्रौढ अमेरिकन आहे. शाळा सुटल्यावर त्याची शब्द शिकण्याची गती मंदावली, ती परत आणायची, हा पुस्तकाचा संकल्प. म्हणजे या वाचकाचा तळमजला बांधून झालेला आहे. त्याला इंग्रजीतून रागावलेलं आहे, चिडवलेलं आहे, इंग्रजीतून त्याची समजूत काढलेली आहे. त्यावर लुईस ग्रीक-लॅटिनचा वरचा मजला चढवतात. मराठी माध्यमातून आलेला वाचक मात्र तळमजल्याशिवाय थेट वरच्या मजल्यावर जाऊन उभा राहतो.

पुस्तकातलाच पुरावा देतो. क्रियांवरच्या प्रकरणातली मुख्य दहा क्रियापदं पाहा: डिस्पॅरेज, इक्विव्होकेट, टिटिलेट, अ‍ॅड्युलेट, प्रोस्क्राइब, ऑब्व्हिएट, मिलिटेट, मलाइन, कंडोन, प्लॅकेट. दहाच्या दहा लॅटिन वळणाची. संपादकीयात शोभतील अशी. स्वयंपाकघरात यांतलं एकही ऐकू येणार नाही.

आता बोलण्याच्या सवयींचं प्रकरण मराठीत मनातल्या मनात लिहून पाहू. मितभाषी, वाचाळ, मुखदुर्बळ हे शब्द सुचतील आणि ते लुईस यांच्या विशेषणांच्या तोडीचे आहेत. पण आपण माणसाचं बोलणं खरोखर रंगवतो ते दुसऱ्याच शब्दांनी. तो पुटपुटला, कुजबुजला, खेकसला, चाचरला. तिने भुणभुण लावली. म्हातारा दिवसभर कुरकुरतो. यांत नाद आहे, चेहरा आहे. वाक्य वाचताच माणूस समोर उभा राहतो. इंग्रजीत हेच काम मटर, व्हिस्पर, स्नॅप, स्टॅमर, नॅग, ग्रम्बल करतात. हे आखूड शब्द पोराटोरांना शब्दकोश उघडण्याआधीच येतात. ‘गॅर्युलस’ म्हणजे वर्गवारी झाली. ‘मटर’ म्हटलं की आवाज ऐकू येतो. खोटारड्यांच्या प्रकरणातही दहा विशेषणांच्या रांगेत ‘ग्लिब’ हा एकच शब्द आखूड आहे. निसरडा या अर्थाच्या जुन्या शब्दाशी त्याचं नातं आहे. रांगेत सगळ्यांत जिवंत तोच वाटतो.

माझ्या धंद्यात हा फरक रोज दिसतो. सॉफ्टवेअरची भाषा अवघड समजली जाते, पण तिचे उत्तम शब्द तळमजल्यावरचे आहेत. मेमरी ‘लीक’ होते, प्रोग्रॅम ‘हँग’ होतो, कधी पास तर कधी फेल होणारी टेस्ट ‘फ्लेकी’ असते, जुनी माहिती धरून बसलेला कॅश ‘स्टेल’ असतो. मला ‘स्टेल’ आधी कॅशच्या संदर्भात भेटला. शिळ्या पावाला इंग्रजीत तोच शब्द आहे, हे नंतर कळलं. इंग्रजीभाषकाचा क्रम उलटा. त्याला आधी पाव भेटलेला असतो, म्हणून ‘स्टेल कॅश’ म्हणताना त्याच्या जिभेवर किंचित वास असतो. मला तो ‘शिळा’ या शब्दात येतो. शब्दाचा अर्थ पाठ करता येतो, हा वास पाठ करता येत नाही.

मग इतकी माणसं वरच्या मजल्याकडे का धावतात? कारण तिथे बक्षीस असल्याचं त्यांना सांगितलं जातं. लुईस यांनी सुरुवातीलाच शब्दसंपत्ती आणि यश यांची सांगड घातली आहे. ती जॉन्सन ओ’कॉनर यांच्या चाचण्यांवरून आलेली. ‘ॲटलांटिक मंथली’त १९३४ साली ओ’कॉनर यांनी याच विषयावर लिहिलं होतं: मोठ्या पदांवरच्या माणसांचे शब्दचाचणीतले गुण भरघोस असतात. पण दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडते असं ठरत नाही, हे आकडेवारीच्या पहिल्या धड्यात असतं. चांगली शाळा, पुस्तकांचं घर, वाचायला सवड, यांतून शब्दही येतात आणि पदही. आपल्याकडे तर इंग्रजी शब्द बहुतेक वेळा घराण्याचा दाखला असतो. मुलाखतीत ‘मॅग्नॅनिमस’ म्हणणाऱ्या मुलाकडे तो दाखला आहे की नाही, हे समोरच्याला पुढच्याच साध्या वाक्यात कळतं. पाठ केलेला शब्द सुट्या बटणासारखा असतो. बटण चकचकीत असतं, सदरा कुठे आहे?

शब्दांना सोबत लागते. ‘इग्रीजियस’ घ्या. लुईस त्याची फोड नेटकी करतात: कळपाबाहेरचा, म्हणजे उठून दिसणारा. फोड अगदी बरोबर, पण तिच्यावर विसंबून कुणी साहेबाच्या कामाला ‘इग्रीजियस’ म्हटलं तर नोकरी धोक्यात, कारण हा शब्द आता चुकांच्या आणि खोटेपणाच्याच पंगतीला बसतो. मराठीतला ‘शहाणा’ तसाच. ‘फार शहाणा आहेस’ हे कौतुक नाही, हे व्युत्पत्तीत सापडत नाही. ते ऐकलेलं असावं लागतं. जीआरईनेही २०११मध्ये सुट्या शब्दांचे विरुद्धार्थ विचारणं बंद केलं आणि शब्द वाक्यात बसवून विचारण्यावर भर दिला. परीक्षा घेणाऱ्यांना जे पटलं ते परीक्षा देणाऱ्यांपर्यंत अजून पुरतं पोचलेलं नाही. याद्यांची घोकंपट्टी सुरूच आहे.

तर हे पुस्तक टाकून द्यावं का? नाही. गंभीर इंग्रजी वाचणाऱ्याला ओळखीचे चेहरे वाढवून देणारं याच्याइतकं खेळकर पुस्तक मला दुसरं माहीत नाही. पण ते वाचताना कळायच्या शब्दांसाठी आहे. लिहिता-बोलताना वापरायच्या शब्दांसाठी तळमजला लागतो आणि तो मुलांच्या पुस्तकांत, नाटकांच्या संवादांत, भांडणांत आणि विनोदांत मिळतो.

मराठी वाचकाजवळ आणखी एक वाट आहे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर तो फुकट पाहता येतो. त्यात ‘कुरकुर’ किंवा ‘पुटपुट’ काढून पाहा. आपल्या नादमय शब्दांसमोर त्याने घरगुती, आखूड इंग्रजी शब्द मांडलेले दिसतील. काही आता जुने झालेत, तेवढी चाळणी लावावी लागेल. पण इथे आपण वासापासून सुरुवात करून अर्थाकडे जातो. पुटपुटणं कसं ऐकू येतं हे आपल्याला आईच्या भाषेत पक्कं ठाऊक असतं. त्याला इंग्रजीत काय म्हणतात, एवढंच विचारायचं उरतं.