हातोडा आणि पर्स

'हिडन फिगर्स' हा २०१६ सालचा चित्रपट घरातल्या लेकीबाळींना जवळ बसवून अवश्य पाहावा. आमच्या घरी तो दोनदा पाहून झाला. तरीही त्यातील एका प्रसंगाविषयी आमची तक्रार आहे, आणि ती किरकोळ नाही.

अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातील लँग्ली येथे विमानविद्येचे सरकारी संशोधनकेंद्र होते. तेथे १९४३ पासून कृष्णवर्णीय स्त्रिया 'कम्प्युटर' म्हणून नोकरीस लागल्या. कम्प्युटर म्हणजे यंत्र नव्हे, आकडेमोड करणारी बाई! विमानांची आणि पुढे अवकाशयानांची गणिते त्यांनी सोडविली. पण बसायचे निराळ्या कचेरीत आणि जेवायचे निराळ्या टेबलाशी. त्यांतल्या डोरोथी व्हॉन, मेरी जॅक्सन आणि कॅथरीन जॉन्सन या तिघींची ही कथा. जॉन ग्लेन २० फेब्रुवारी १९६२ रोजी पृथ्वीभोवती तीन फेऱ्या मारून आला. तत्पूर्वी, यंत्राने काढलेले आकडे कॅथरीनबाईंनी हाताने पडताळावेत, असा आग्रह त्याने धरला होता, हे सत्य आहे. चित्रपटात ही पडताळणी अगदी उड्डाणाच्या तोंडावर होते. वास्तविक ती काही दिवस आधीच उरकली होती. असो. नाटकवाल्यांना एवढी सूट आपणही देतोच.

पण तो हातोडा? कॅथरीनला स्वच्छतागृहासाठी अर्धा मैल धावावे लागते हे कळताच तिचा गोरा साहेब 'कृष्णवर्णीयांसाठी' ही पाटी हातोड्याने फोडून काढतो. प्रेक्षकांचे डोळे पाणावतात. आमचेही पाणावले, खोटे कशाला सांगा! परंतु हा साहेब कल्पित आणि प्रसंगही कल्पित. खऱ्या कॅथरीनबाई पाटी नसलेल्या स्वच्छतागृहात खुशाल जात, आणि कोणी हरकत घेतली तरी त्यांनी आपला क्रम सोडला नाही. जे धैर्य त्या बाईचे, ते दिग्दर्शक थिओडोर मेल्फी यांनी साहेबाच्या पदरात टाकले आणि बाईंना नुसते धावायला लावले. ही सूट आम्ही देणार नाही.

नाट्यच हवे होते, तर ते मार्गो ली शेटर्ली यांच्या मूळ पुस्तकात होते. खाणावळीतील त्या निराळ्या टेबलावर 'कृष्णवर्णीय कम्प्युटर' अशी पाटी असे. मिरियम मॅन नावाची त्यांच्यातलीच एक बाई ती पाटी उचलून पर्समध्ये टाकी. काही दिवसांनी नवी पाटी येई; तीही पर्समध्ये जाई. नोकरी जाईल, अशी नवऱ्याला धास्ती. बाई मात्र ढळल्या नाहीत. अखेर एके दिवशी पाटी गेली ती परत आलीच नाही.

चित्रपटात ही पर्स कोठेच नाही.