पत्त्याची चोरी

शाळेच्या प्रवेश-अर्जावर मामाचा किंवा आजोबांचा पत्ता लिहिणारे पालक आपल्या ओळखीत दोन-चार तरी निघतात. अमेरिकेच्या ओहायो राज्यात याच कारणावरून एका आईला २०११ साली तुरुंगात जावे लागले. केली विल्यम्स-बोलर अ‍ॅक्रन शहरातल्या सरकारी घरात राहत, शाळेत मदतनीस म्हणून काम करत आणि शिक्षिका होण्यासाठी शिकत होत्या. वडिलांचा पत्ता देऊन त्यांनी दोन्ही मुलींना शेजारच्या कॉप्ली-फेअरलॉनच्या शाळांत घातले होते.

या खटल्याशेजारी नेहमी अभिनेत्री फेलिसिटी हफमन यांचा खटला ठेवला जातो. लेकीची प्रवेशपरीक्षेतली उत्तरे परस्पर सुधारून घेण्यासाठी त्यांनी १५ हजार डॉलर मोजले. २०१९ मध्ये त्यांना १४ दिवसांची कैद झाली. श्रीमंत आईला सूट आणि गरीब आईला शिक्षा, एवढे म्हणून बहुतेक टीकाकार थांबतात. माझी अडचण तिथेच सुरू होते. विल्यम्स-बोलर यांना प्रत्यक्ष कैद १० दिवसांची होती! दिवसच मोजायचे तर हफमन यांचे चार जास्त भरतात.

विषमता आहे ती नुकसानीच्या हिशेबात. कॉप्ली-फेअरलॉनने दोन मुलींच्या शिक्षणाची किंमत सुमारे ३० हजार डॉलर लावली आणि आईवर चोरीचाही आरोप आला. त्यावर ज्युरीचे एकमत झाले नाही. सिद्ध झाला तो कागदपत्रांतल्या खोट्या नोंदींचा गुन्हा. त्यासाठीही पाच-पाच वर्षांची शिक्षा सुनावून, ती स्थगित ठेवून १० दिवसांवर आणली गेली. हफमन यांच्या खटल्यात मात्र न्यायाधीश इंदिरा तलवानी यांनी पैशांत मोजता येईल असे कोणाचे नुकसान झाल्याचे धरले नाही. संघीय मार्गदर्शिकेत नुकसानीच्या आकड्याबरोबर शिक्षेची शिफारस चढते. आकडाच नाही म्हटल्यावर ती शून्य ते सहा महिन्यांवर राहिली. राज्याचा कायदा वेगळा, संघीय वेगळा, हे मान्य. पण प्रामाणिकपणे परीक्षेला बसलेल्या मुलांचे काय गेले, याला त्या कोष्टकात रकानाच नाही.

आणि कॉप्लीचे कुंपण तरी कसले? ओहायोच्या शाळा मोठ्या प्रमाणावर स्थानिक मालमत्ता-करावर चालतात. या करावरचा अतिरेकी भर राज्याच्याच सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये डिरॉल्फ खटल्यात घटनाबाह्य ठरवला होता. तरी ते कुंपण उभे राहिले आणि ते ओलांडणारी आई गुन्हेगार ठरली.

सप्टेंबर २०११ मध्ये राज्यपाल जॉन कॅसिक यांनी, पॅरोल बोर्डाचे मत विरुद्ध असतानाही, त्यांचे गंभीर गुन्हे किरकोळ श्रेणीत आणले. शिक्षिका होण्याच्या वाटेतला मोठा धोंडा दूर झाला. पण ही झाली दया, आणि तीही देशभर गाजलेल्या प्रकरणात. हफमन यांना आणखी महिनाभर आत ठेवले असते तरी अ‍ॅक्रनच्या आयांना काय मिळाले असते? पत्त्याचे प्रकरण फौजदारीतून काढून दिवाणी वसुलीपुरते ठेवावे, आणि शिक्षा देण्यापूर्वी मुलांवर व उपजीविकेवर होणारा परिणाम निकालपत्रात नोंदवणे न्यायाधीशांना बंधनकारक करावे, एवढी माझी मागणी आहे.