लांबलेला सिनेमा, लांबलेला न्याय

बडनेऱ्याहून अकोल्याला जाताना मोबाईलवर आनंद पटवर्धनांचा ‘जय भीम कॉम्रेड’ लावला. अकोला आलं, सिनेमा निम्माच झाला होता.

११ जुलै १९९७. घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. लोक रस्त्यावर उतरले आणि राज्य राखीव दलाच्या गोळीबारात १० जण गेले. जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता, हा पोलिसांचा बचाव सिनेमा नीट तपासतो.

मधली गाणी मला आधी लांबण वाटली. पण उपनिरीक्षक मनोहर कदम यांना जन्मठेप व्हायला २००९ उजाडलं. पुढे हायकोर्टानं जामीनही दिला. तोवर मेलेल्यांची आठवण शाहिरांनीच जागती ठेवली. सिनेमाची लांबी आता खटकत नाही. खटकते ती एका उपनिरीक्षकापाशीच थांबलेली जबाबदारी.