‘ऑपरेशनशिवाय’ म्हणजे नेमकं काय?

मोठ्या आतड्यातला दोन सेंटिमीटरहून मोठा पॉलिपसुद्धा, कॅन्सर खोल शिरलेला नसेल तर, पोट न उघडता दुर्बिणीतून काढता येतो. खालच्या थरात निळसर द्रव टोचायचा, पॉलिप वर उचलला गेला की तारेच्या फासात धरून कापायचा. माझी तक्रार त्या ‘ऑपरेशनशिवाय’ या शब्दाबद्दल आहे. तो ऐकला की पेशंटला वाटतं, विषय संपला.

संपत नाही हो! एवढा पॉलिप बहुधा तुकड्यातुकड्यांनी निघतो, कडेला राहिलेला कण पुन्हा वाढतो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत पहिल्या फेरतपासणीत २१ टक्के ठिकाणी तो परत दिसला. जिथे जखमेच्या कडा लगेच शेकल्या होत्या, तिथे सुमारे ५ टक्के. म्हणजे सहा महिन्यांनंतरची दुर्बीण हा उपचाराचाच भाग झाला. हे आधी सांगतो कोण?

आणि आम्ही डॉक्टर? ‘जरा काढून बघू’ म्हणून अर्धवट फास टाकतो. खाली व्रण धरतो, मग द्रव टोचूनही पॉलिप उचलत नाही, आणि पुढचं काम जाणत्या हातालाही जड जातं. जमणार नसेल तर फोटो काढावा, हात लावू नये, पुढे पाठवावं.