वंश आणि मृत्युमान : हॉफमन व डू बॉइस

इतिहाससंशोधनांत आकड्यांस साक्षीदाराचा मान असतो. परंतु साक्षीदाराचीही उलटतपासणी करावी लागते. या दृष्टीनें आम्हीं दोन अमेरिकन ग्रंथ शेजारीं ठेवून वाचले. पहिला फ्रेडरिक हॉफमन यांचा, इ. स. १८९६ चा, दुसरा डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांचा ‘द फिलाडेल्फिया निग्रो’, इ. स. १८९९ चा.

अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांचें मृत्युमान गोऱ्यांहून अधिक असण्याचें कारण परिस्थिति नसून वंशस्वभाव होय, असा हॉफमन यांचा सिद्धांत. मृत्युमान अधिक होतें हें खरें. अनुमान मात्र सदोष आहे. ‘जेथें अग्नि तेथें धूर’ ही व्याप्ति सोपाधिक आहे, हें तर्कसंग्रहाचा विद्यार्थीही जाणतो. धूर होतो तो ओल्या सरपणामुळें. हॉफमन यांनीं अग्नि पाहिला, सरपण पाहिलें नाहीं. शिवाय ते प्रुडेन्शियल विमा कंपनीचे संख्याशास्त्रज्ञ होते. आणि त्या कंपनीनें १८८१ मध्येंच, हप्ता तोच ठेवून, कृष्णवर्णीयांस मिळणारी विम्याची रक्कम एक-तृतीयांशानें घटविली होती. साक्षीदाराचा हा हितसंबंध विसरतां येत नाहीं.

डू बॉइस यांनीं सरपण तपासलें. फिलाडेल्फियाच्या सातव्या वॉर्डांत घरोघर हिंडून त्यांनीं माहिती टिपली. २,४४१ कुटुंबांपैकीं स्नानगृह व शौचकूप यांची सोय अवघ्या ३३४ कुटुंबांस होती. तत्पूर्वीं, १८९७ सालीं हॉफमन यांच्या ग्रंथाचें परीक्षण करितांना, म्यूनिक, नेपल्स अशा युरोपीय शहरांचें मृत्युमानही तितकेंच मोठें असल्याचें त्यांनीं दाखविलें होतें. वंश निराळा, धूर मात्र तोच! व्याप्ति तेथेंच मोडली.

डू बॉइस यांच्या ग्रंथांतही न्यून आहे. रोगाचा कांहीं दोष ते लोकांच्या अज्ञानावर व सवयींवर ठेवितात. ज्या घरांत स्नानाचीच सोय नाहीं, तेथें शुचितेचा उपदेश आम्हांस अप्रस्तुत वाटतो.

हा वाद केवळ जुन्या कागदांतला नव्हे. मूत्रपिंडाचें कार्य मोजण्याच्या सूत्रांत अमेरिकेंतील वैद्य कृष्णवर्णीयांकरितां वेगळा गुणक लावीत. त्यायोगें रोग्याचें मूत्रपिंड आहे त्याहून सशक्त भासे, व प्रत्यारोपणाच्या यादींत नांव लागण्यास विलंब होई. तो गुणक सोडून देण्याची शिफारस तज्ज्ञांनीं केली ती २०२१ मध्यें, म्हणजे हॉफमन यांच्या ग्रंथानंतर १२५ वर्षांनीं. सदोष अनुमानाचें मोल अनुमान करणारा देत नसतो. तें रोग्यास द्यावें लागतें. म्हणून ज्या ज्या कागदांत ‘वंश’ हें कारण म्हणून लिहिलेलें आढळेल, तेथें अभ्यासकानें आधीं सरपण ओलें होतें काय, हें विचारावें.